पाड्यावर संगणक वर्ग सुरू करताना: नवख्या शिक्षकांसाठी मार्गदर्शक

कचेरीने मोडीत काढलेले पाच-सहा संगणक हाती आले आहेत, शनिवार-रविवार मोकळे आहेत, तेव्हा एखाद्या खेड्यात जाऊन संगणक शिकवावा, असा विचार करणारे लोक मुंबई, ठाणे, नाशिक, पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे बहुतेक काम पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतील असल्यामुळे उदाहरणे तिथली आहेत. मेळघाटात, नंदुरबारमध्ये किंवा बीडच्या ऊसतोड कामगारांच्या गावांत तपशील बदलतील, पण कामाचा क्रम साधारण हाच राहील.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते, ती म्हणजे आपण नेमके कशासाठी शिकवणार आहोत. पाड्यावरच्या प्रौढ माणसाचा संगणकाशी पहिला संबंध येतो तो तहसील कचेरीजवळच्या सेवा केंद्रात, आणि तोही काउंटरच्या अलीकडून. पडदा ऑपरेटरकडे वळलेला असतो. हा माणूस आपले आधार कार्ड, आपला मोबाइल आणि त्यावर आलेला ओटीपी पलीकडे देतो, ऑपरेटर सांगेल तेवढे पैसे मोजतो आणि मिळेल तो कागद घेऊन परत येतो. नाव चुकले होते, खाते क्रमांक दुसराच पडला होता, अर्ज पुढे पाठवलाच नव्हता, हे त्याला दोन महिन्यांनी कळते. तो पडदा आपल्याकडे वळवायला सांगता यावा, त्यावर काय लिहिले आहे ते वाचता यावे आणि चूक दिसली तर ‘थांबा’ म्हणता यावे, हे पायाभूत संगणक शिक्षणाचे पहिले उद्दिष्ट मी मानतो. वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट या क्रमाने जाणारा शहरी अभ्यासक्रम इथे तसाच्या तसा आणला, तर तिसऱ्या दिवशी खोलीत फक्त शाळकरी मुलगे उरतात.

यंत्रे आणण्याआधी

पहिली फेरी रिकाम्या हाताने करावी. सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक यांना भेटणे आवश्यक आहेच, पण तेवढ्याने गावाची गरज कळत नाही. अंगणवाडी सेविका, आशा सेविका, बचत गटाच्या अध्यक्ष आणि रेशन दुकानासमोर रांगेत उभी असलेली माणसे यांच्याशी बोलावे. गेल्या वर्षभरात कोणत्या कागदासाठी तालुक्याला जावे लागले, किती वेळा जावे लागले आणि दर खेपेला गाडीभाडे व बुडालेली मजुरी धरून किती खर्च आला, एवढेच विचारावे. उत्तरांतून अभ्यासक्रम आपोआप तयार होतो: जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डात नाव घालणे, मुलांची शिष्यवृत्ती, सातबारा, पीक विमा. अंगणवाडी सेविकांना पोषण ट्रॅकर हे मोबाइलवरचे सरकारी अॅप भरावे लागते आणि त्यांपैकी काहींना ते घरातल्या मुलाकडून भरून घ्यावे लागते. त्या मनापासून शिकतात आणि पुढे इतरांना शिकवतात, म्हणून पहिल्या तुकडीत त्यांना आग्रहाने घ्यावे.

जव्हार आणि मोखाडा हे अनुसूचित क्षेत्रात येतात आणि १९९६ च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा केंद्रीय कायदा) इथल्या ग्रामसभेला विशेष महत्त्व आहे. वर्गाचा विषय ग्रामसभेत मांडावा, जागा, वीजबिल आणि किल्ली यांची जबाबदारी कोणाची हे ठरावात लिहून घ्यावे. तोंडी होकारावर सुरू झालेला वर्ग निवडणुकीनंतर सरपंच बदलला की बंद पडतो. जागा जिल्हा परिषद शाळेत मिळत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घ्यावी. समाजमंदिर मिळत असेल तर तिथे लग्नसराईत काय होते ते आधी विचारावे. बायकांनी यायला हवे असेल तर खोली वस्तीच्या मध्ये असावी आणि दार बाहेरून दिसणारे असावे. एखाद्याच्या घराची माडी फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण त्या घराशी ज्यांचे पटत नाही ती अर्धी वस्ती वर्गाला येत नाही.

तारखा शेतीच्या आणि स्थलांतराच्या हिशोबाने ठरवाव्यात. जुलैमध्ये भाताची आवणी चालू असते, तेव्हा घरात कोणी सापडत नाही. ऑक्टोबरात कापणी येते. दिवाळी झाली की कित्येक कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि होळीच्या सुमारास किंवा त्यानंतर परततात. म्हणजे मोठ्यांच्या वर्गासाठी दोनच मोकळ्या जागा उरतात: आवणीनंतरचा ऑगस्ट-सप्टेंबर आणि होळीनंतरचे दोन-अडीच महिने. त्यातही एप्रिल-मे महिन्यांत मोखाड्याच्या पाड्यांवर पाण्याचे हाल असतात, टँकर येण्याची वेळ ठरलेली नसते, आणि टँकर आला की अर्धा वर्ग हंडे घेऊन उठतो. त्याबद्दल रागावू नये. तास तिथेच थांबवून पाणी भरून झाल्यावर पुन्हा सुरू करावा.

केंद्र सरकारची प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका माणसाला साक्षर करण्याचे तिचे लक्ष्य होते आणि अभ्यासक्रम २० तासांचा होता. मार्च २०२४ मध्ये ती संपली, त्यामुळे तिच्या भरवशावर आता नियोजन करता येणार नाही. २० तास हा हिशोब ज्याने मोबाइल सराईतपणे वापरला आहे त्याच्यासाठी ठीक आहे. ज्याने आयुष्यात कळफलकाला हात लावलेला नाही अशा चाळिशीच्या बाईसाठी किमान ४० तास धरावेत, रोज दीड तासाहून जास्त बसवू नये आणि आठवड्यातून चार दिवस वर्ग घ्यावा. म्हणजे सुमारे सात आठवड्यांत एक तुकडी पूर्ण होते. ज्यांना सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र हवे आहे त्यांना एमएस-सीआयटी या शासनमान्य संगणक अभ्यासक्रमाकडे पाठवावे. आपला वर्ग त्या पायरीच्या आधीचा आहे, हे पहिल्याच सभेत स्पष्ट सांगितले की पुढचे गैरसमज टळतात.

यंत्रे, वीज आणि पावसाळा

दहा जणांच्या तुकडीसाठी पाच चालू यंत्रे पुरेशी होतात. नवे स्वस्त लॅपटॉप घेण्यापेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेले मजबूत बांध्याचे लॅपटॉप घ्यावेत आणि त्यांत जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (माहिती साठवणारी वेगवान चकती) बसवावी; त्या एका बदलाने पाच मिनिटे सुरू होत राहणारे यंत्र अर्ध्या मिनिटात कामाला लागते. डेस्कटॉप शक्यतो टाळावा. तो वीज जास्त खातो, बत्ती गेली की मध्येच बंद पडतो आणि पावसाळ्यात त्याच्या पेटीत मुंग्या, पाली व उंदीर यांचा संसार थाटला जातो.

विंडोज १० ची अधिकृत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि देणगीत येणारी बरीच यंत्रे विंडोज ११ साठी अपात्र ठरतात. अशा यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली आणि ऑफिसच्या कामांसाठी लिबरऑफिस बसवले की ती आणखी काही वर्षे विनाखर्च चालतात. मात्र सेवा केंद्रात, बँकेत आणि पुढच्या अभ्यासक्रमांत विंडोजच समोर येणार असल्यामुळे निदान एक यंत्र विंडोज ११ चे ठेवावे आणि प्रत्येकाला त्यावर आळीपाळीने बसवावे. मुक्त सॉफ्टवेअरचा मी स्वतः पुरस्कर्ता आहे, पण तत्त्वाचा हट्ट शिकणाऱ्याच्या माथी मारू नये.

विजेचे पाहताना खोलीची जोडणी गावठाण फीडरवर (वस्तीला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर) आहे की शेतीच्या, हे आधी विचारावे, कारण शेतीच्या फीडरला दिवसा वीज असेलच असे नाही. पाच लॅपटॉप आणि दोन दिवे मिळून साधारण ३०० ते ३५० वॅटचा भार होतो, त्याला घरगुती इन्व्हर्टर आणि एक चांगली बॅटरी दोन तास सहज पुरते. यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग. जुन्या शाळांमध्ये अर्थिंगचा खड्डा एक तर कोरडा पडलेला असतो किंवा तार मध्येच तुटलेली असते, आणि लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की मुंग्या येतात. लहान मूल ज्या खोलीत बसणार आहे तिथे वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय एकही प्लग लावू नये. मेअखेरीस आणि ऑक्टोबरात विजा कडाडू लागल्या की चार्जर नुसते बंद न करता भिंतीतून उपटून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. जून ते सप्टेंबर या काळात यंत्रे कपाटात कोंडून ठेवली तर बुरशी धरते. वर्ग नसला तरी आठवड्यातून एकदा तासभर ती चालू ठेवण्याचे काम कोणावर तरी नाव लिहून सोपवावे.

इंटरनेट असेल असे गृहीत धरू नये. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेट या सरकारी योजनेची इंटरनेटची तार पोहोचली असली तरी ती चालू असतेच असे नाही आणि मोबाइलची रेंज कित्येक पाड्यांवर फक्त ठरावीक टेकाडावर मिळते. त्यामुळे सरावाचे सगळे साहित्य यंत्रातच असायला हवे: अर्जांच्या पानांची चित्रे, सरावासाठी तयार केलेले खोटे अर्ज, आणि किविक्स या इंटरनेटशिवाय चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उतरवून घेतलेला मराठी विकिपीडिया, ज्यात आपल्या तालुक्याचे पान शोधून वाचण्यात मोठ्यांनाही रस असतो. खऱ्या संकेतस्थळांसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा आणि त्या दिवशी वर्गच रेंजच्या जागी न्यावा.

पहिले दोन आठवडे: हात बसवणे

या टप्प्यावर घाई केलेली पुढे कधीच भरून निघत नाही, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो.

लॅपटॉपचा टचपॅड नवशिक्याला देऊ नये. शेतीकामाने घट्टे पडलेल्या बोटांना तो नीट साथ देत नाही आणि माणसाला वाटते की दोष आपल्याच हाताचा आहे. प्रत्येक यंत्राला तारेचा माउस लावावा. सेटिंगमध्ये जाऊन बाणाचा आकार मोठा करावा, बाणाचा वेग कमी करावा आणि डबल-क्लिकचा वेग अगदी हळू करून ठेवावा, कारण नवा हात दोन क्लिकच्या मधल्या क्षणात माउस हलवतोच. डबल-क्लिक जमतच नसेल तर एकदा क्लिक करून एंटर दाबायला शिकवावे. काम तेच होते. आणखी एक बारीक गोष्ट: माउस सरकत सरकत टेबलाच्या कडेला येतो आणि माणूस अडतो, कारण तो उचलून पुन्हा मध्ये ठेवता येतो हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. आपल्याला या गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या शिकवायच्या असतात हेच सुचत नाही. म्हणून पहिले काही दिवस शिकणाऱ्याच्या पडद्याकडे कमी आणि हाताकडे जास्त पाहावे.

शिक्षकाने माउसला हात लावायचा नाही, हा नियम स्वतःवर कडकपणे लादून घ्यावा. शिकणारा अडला की आपला हात नकळत पुढे जातो, दोन क्लिकमध्ये काम होते आणि समोरचा माणूस ‘झालं का?’ म्हणून मागे सरकतो. सेवा केंद्रात जे घडत आले आहे तेच आपण वर्गात पुन्हा घडवतो. मी बोलताना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहतो; आधी बायका हसतात, नंतर मी विसरलो तर त्याच ‘सर, हात मागे’ म्हणून आठवण करून देतात. एका यंत्रावर दोघांना बसवताना माउस नेहमी ज्याला कमी येते त्याच्याकडे द्यावा आणि ज्याला येते त्याने फक्त तोंडाने सांगावे. नवरा-बायकोला एका यंत्रावर बसवू नये.

हात बसवण्यासाठी या भागात एक सुंदर सोय आहे. वारली चित्रातला माणूस टोकाला टोक भिडवलेल्या दोन त्रिकोणांचा आणि वर एका वर्तुळाचा असतो; पेंट किंवा लिबरऑफिस ड्रॉमध्ये हे आकार तयारच मिळतात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हापासून ही चित्रकला इथल्या मुलांना अभिमानाने सांगायची गोष्ट झाली आहे, पण वर्गातल्या बायकांना ती त्याआधीपासून येते, कारण लग्नाचा चौक त्यांनी घरात काढलेला पाहिलेला असतो. पहिल्या दिवशी त्रिकोण काढायला लावावा, म्हणजे माउस दाबून ओढणे आले. दुसरा त्रिकोण उलटा करून पहिल्याच्या टोकावर नेमका बसवायला लावावा, म्हणजे निवडणे, फिरवणे आणि हलवणे आले. हातपायांच्या रेघा आणि डोके जोडून माणूस पूर्ण झाला की तो कॉपी करून पुन्हा पुन्हा पेस्ट करायला आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर तयार करायला सांगावे. आठवड्याच्या शेवटी चित्र सेव्ह करून स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचे. फोल्डर समजावताना एवढेच म्हणावे की भात कोणत्या कणगीत भरला हे लक्षात ठेवले नाही तर तो घरात असूनही सापडत नाही. त्यापुढे उपमा ताणू नये. दुसऱ्या दिवशी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि प्रत्येकाला आपापले चित्र शोधून उघडायला लावावे. ते सापडल्यावर चेहऱ्यावर जे उमटते त्यानंतर त्या माणसाची यंत्राची भीती बहुधा गेलेली असते.

मराठी लिहिणे

मराठी टंकलेखनासाठी दोन मार्ग आहेत. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे अक्षरे दाबून मराठी उमटवणारा ध्वन्यात्मक कळफलक विंडोजमध्ये २०१९ पासून अंगभूत मिळतो आणि शहरी शिक्षकाला तोच सोपा वाटतो. परंतु ज्याला इंग्रजी मुळाक्षरे अडखळत वाचता येतात त्याच्यासाठी तो दुहेरी ओझे आहे, कारण मराठी शब्द लिहिण्यासाठी आधी त्याचे इंग्रजी स्पेलिंग मनात तयार करावे लागते. अशा माणसाला इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाणित कळफलक शिकवावा. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. क ज्या कळीवर आहे त्याच कळीवर शिफ्ट धरून ख मिळतो, त ज्या कळीवर आहे तिथेच थ मिळतो, द आणि ध यांचेही तसेच आहे. शाळेत बाराखडी शिकलेल्या माणसाला ही रचना लवकर पटते. कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावावेत आणि ते झिजून गेले तरी नवे लावायची घाई करू नये.

पहिला शब्द ‘काम’ द्यावा: के, ई आणि सी या तीन कळा. नंतर ‘भात’, ‘पाणी’, ‘नाचणी’ असे जोडाक्षर नसलेले शब्द द्यावेत. जोडाक्षरासाठी डी या कळीवरचे पाय मोडण्याचे चिन्ह दोन व्यंजनांच्या मध्ये दाबावे लागते हे दुसऱ्या आठवड्यात सांगावे. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातला अर्धा र जे या कळीवर शिफ्टसह मिळतो, हे न सांगितल्यामुळे लोक वर्षानुवर्षे ‘शेतकर्याचा’ लिहीत राहतात. सगळे लिखाण युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही यंत्रावर तशीच दिसणारी अक्षरे वापरून, व्हावे याची दक्षता घ्यावी. ग्रामपंचायतीच्या जुन्या यंत्रात श्रीलिपी किंवा कृतिदेव असा जुना फॉन्ट असतो, आणि त्यात लिहिलेला अर्ज दुसऱ्या यंत्रावर उघडला की अगम्य चिन्हे दिसतात. कोणाला शासकीय टंकलेखन परीक्षा द्यायची असेल तर तिथला कळफलक कोणता आहे हे त्याने आधी विचारून घ्यावे आणि त्याचाच सराव करावा.

मोबाइलवर बोलून लिहिण्याची सोय बऱ्याच जणांना माहीत असते. शोध घेण्यासाठी ती उत्तम आहे, पण अर्जातील नावासाठी तिचा वापर करू देऊ नये.

स्वतःचे नाव, स्वतःची तारीख

कोणताही अर्ज भरण्यापूर्वी एक पूर्ण दिवस या विषयाला द्यावा. प्रत्येकाने आपले आधार कार्ड, बँकेचे पासबुक, रेशन कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन यावे आणि एका तक्त्यात चारही कागदांवरचे नाव, मराठीत आणि इंग्रजीत, अक्षरन् अक्षर जसेच्या तसे टंकावे. जवळजवळ प्रत्येकाच्या कागदांत कुठे ना कुठे तफावत निघते. कुणाच्या नावातला इंग्रजी ‘एच’ एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही. कुणा बाईचे बँकेत माहेरचे आडनाव आहे आणि आधारवर सासरचे. कुणाची जन्मतारीख आधारवर १ जानेवारी अशी सरसकट टाकलेली आहे आणि दाखल्यावर वेगळी आहे. अनुदान अडकते ते बहुधा इथे. तक्ता छापून प्रत्येकाला घरी द्यावा आणि कोणता कागद आधी दुरुस्त करायचा ते समोर बसवून ठरवावे. टंकलेखनाचा असा उपयोगाचा सराव दुसरा कोणताही नाही.

आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे का, हेही याच दिवशी पाहावे. रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेले सिम, किंवा भट्टीवर गेलेल्या मुलाकडे असलेला क्रमांक, हे अडथळे आधी कळले तर पुढचे तास वाया जात नाहीत.

खरे अर्ज

आता संकेतस्थळे घ्यावीत. सुरुवात भरण्यापासून न करता पाहण्यापासून करावी. महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर गाव आणि गट क्रमांक निवडून सातबारा पाहता येतो, आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत उतरवून घेता येतो. जिल्हा, तालुका, गाव असे एकाखाली एक उघडणारे पर्याय निवडणे आणि कॅप्चातली वेडीवाकडी अक्षरे लहान-मोठी लिपी सांभाळून भरणे, ही दोन्ही कौशल्ये इथेच येतात. त्यानंतर दाखल्यांच्या अर्जांसाठीच्या ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर आधीच केलेल्या अर्जाची स्थिती पाहायला शिकवावे. पावतीवरचा अर्ज क्रमांक टाकला की अर्ज कुणाकडे थांबला आहे ते दिसते आणि तेवढ्यासाठी तालुक्याला मारावी लागणारी खेप वाचते. वर्गाची कीर्ती शेजारच्या पाड्यावर जाते ती याच दिवशी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवांना कालमर्यादा असते आणि ती ओलांडली तर अपील करता येते, हेही सांगावे. पावती जपून ठेवण्याचे कारण त्यामुळे लोकांना पटते.

अर्ज भरताना दोन ठिकाणी सगळे अडतात. पहिले ठिकाण जन्मतारखेचे. तारखेच्या चौकटीत चालू महिन्याचे कॅलेंडर उघडते आणि १९७८ पर्यंत जाण्यासाठी माणूस एकेक महिना मागे ढकलत बसतो. वर लिहिलेल्या वर्षावर क्लिक केले की वर्षांची यादी येते, हे प्रत्येकाला वेगळे दाखवावे. दुसरे ठिकाण कागद जोडण्याचे. फोटो अमुक किलोबाइटपेक्षा लहान हवा, दाखला पीडीएफ हवा, अशा अटी असतात. मोबाइलवर उजेडात सपाट ठेवून फोटो काढणे, कडा कापणे, तारेने संगणकात घेणे, आकार कमी करणे आणि फाइलला ‘रेशन कार्ड’ असे ओळखता येईल असे नाव देणे, या साखळीला मी तीन तास देतो. अर्ज ‘सबमिट’ करण्यापूर्वी शेजाऱ्याने मोठ्याने वाचायचा आणि ज्याचा अर्ज आहे त्याने मूळ कागदावर बोट ठेवून ताडून पाहायचा, अशी शिस्त ठेवावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही यात भाग घेता येतो, कारण आकडे बहुतेकांना ओळखता येतात आणि खाते क्रमांक ताडणे हे आकड्यांचेच काम आहे.

इथे शिक्षकाची एक जबाबदारी येते जी नवखे लोक विसरतात. वर्गाच्या यंत्रात लोकांची आधार कार्डे, पासबुके आणि फोटो साठत जातात. रोज वर्ग संपताना ‘डाउनलोड’ फोल्डर आणि कचरापेटी रिकामी करावी, प्रत्येक संकेतस्थळातून लॉग आउट झाल्याची खात्री करावी आणि ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवू देऊ नये. स्वयंसेवकांच्या मोबाइलवर कोणाच्याही कागदाचा फोटो राहता कामा नये, मग तो कितीही चांगल्या हेतूने काढलेला असो.

ओटीपी, अंगठा आणि पैसे

या विषयावर भीती घालणारे व्याख्यान देऊ नये. घाबरलेला माणूस मोबाइल पुन्हा दुसऱ्याच्या हाती देतो. मोजक्या गोष्टी कृतीतून शिकवाव्यात. ओटीपीचा संदेश आला की आकडा सांगण्याआधी संदेश पूर्ण वाचायचा, कारण तो कशासाठी आहे हे बहुधा त्यातच लिहिलेले असते. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. बँकेच्या प्रतिनिधीकडे अंगठा लावून पैसे काढले की यंत्रातली पावती मागून घ्यायची आणि अंगठा पुन्हा लावायला सांगितला तर आधीचा व्यवहार झाला की नाही ते विचारायचे. कष्टाने बोटांचे ठसे झिजलेले असल्यामुळे अंगठा खरोखरच दोन-तीनदा लावावा लागतो, आणि याच सबबीचा गैरफायदाही घेतला जातो. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते, ते कसे करायचे हे ज्याला हवे त्याला दाखवावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा, हा आकडा खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा.

पासवर्ड कुठेही लिहू नये असा शहरी उपदेश इथे निरुपयोगी आहे. घरातल्या पेटीतल्या वहीत लिहिलेला पासवर्ड हा सेवा केंद्राच्या ऑपरेटरला पाठ असलेल्या पासवर्डपेक्षा कितीतरी सुरक्षित असतो.

मुलांचा वर्ग

मुले लवकर शिकतात, त्यामुळे त्यांच्यावर फार लिहीत नाही. शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवून मुले गटाने स्वतः शिकतात हे दाखवले, आणि ते पाड्यावरही अनुभवास येते. पण मोकळे सोडले की मोठे मुलगे माउस बळकावतात आणि मुली मागे उभ्या राहून पाहत राहतात. २०२३ च्या ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणात १४ ते १८ वयोगटात स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के आढळल्या. घरातली ही विषमता वर्गात आपोआप उतरते. मुलींची तुकडी वेगळी ठेवावी आणि तिला शाळा सुटल्यावर लगेचची, उजेड असतानाची वेळ द्यावी. लहानांसाठी टक्स पेंट आणि जीकॉम्प्री ही चित्रांची आणि खेळांची मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत.

परीक्षा आणि हवाली करणे

लेखी परीक्षा घेऊ नये. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला एकेकटे बसवून पाच कामे करायला द्यावीत: यंत्र सुरू करणे, आपल्या नावाचा तक्ता शोधून उघडणे, त्यात एक ओळ मराठीत भरून सेव्ह करणे, दिलेल्या क्रमांकावरून अर्जाची स्थिती पाहणे, आणि मुद्दाम तीन चुका ठेवलेला छापील अर्ज मूळ कागदाशी ताडून त्या चुका दाखवणे. पाचवे काम ज्याला जमले तो बाकीच्या कामांत थोडा कच्चा असला तरी मी त्याला उत्तीर्ण धरतो. ज्यांना जमले नाही त्यांना पुढच्या तुकडीत पुन्हा बसवावे, आणि ते सगळ्यांसमोर सांगू नये.

पहिल्या तुकडीपासूनच पाड्यावरचे दोन साहाय्यक हेरून ठेवावेत. एकीचे लग्न होते किंवा एकाला पोलीस भरतीत यश येते, म्हणून दोन. त्यांना वारली किंवा कोकणा बोली येत असेल तर वृद्धांशी बोलण्याचा प्रश्नही मिटतो. त्यांना मानधन द्यावे. फुकट काम चार महिन्यांवर टिकत नाही आणि तशी अपेक्षा करणेही रास्त नाही. किल्ली, हजेरीची वही, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालण्याची तारीख आणि दुरुस्ती करणाऱ्याचा क्रमांक, हे सगळे आपण तिथे असतानाच त्यांच्या हाती सोपवावे आणि दुसऱ्या तुकडीत आपण मागच्या बाकावर बसावे.

तुकडी संपल्यावर महिन्यातून एक दिवस अर्जांसाठी खुला ठेवावा. दहावी-बारावीचे निकाल लागले की जून महिन्यात जातीच्या, उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांसाठी एकच झुंबड उडते, तेव्हा हा दिवस आठवड्याला एकदा करावा लागतो आणि वीजही त्याच दिवसांत सर्वांत जास्त जाते. त्यासाठी प्रिंटरची शाई, कागदाची दोन रिमे आणि भरलेली बॅटरी मे महिन्यातच तयार ठेवावी.